जर्सी परदेशी, हिशेब देशी

जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली. १९ ते २३ जानेवारी, चारशेहून जास्त किलोमीटर, देशोदेशींचे रायडर आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोबाइल उंचावून उभे असलेले आपण. घोळका समोरून गेला कधी ते कळलंही नाही, पण डोळ्यांत राहिली ती अंगाला चिकटलेल्या जर्सींची रंगीत रांग. त्या रात्री तुमच्यापैकी किती जणांनी 'सायकलिंग जर्सी' सर्च केलं, खरं सांगा? पुढचं काम अल्गोरिदमनं केलं. चार दिवसांत फीडभर परदेशी साइट्सच्या जाहिराती. जर्सी आणि खांद्यावरून पट्टे घेणारी ती 'बिब शॉर्ट', दोन्ही मिळून दीड-दोन हजारांत! कार्टमध्ये टाकलंच म्हणून समजा.

पैसे भरायच्या आधी जरा थांबा. माल भिकार असतो म्हणून नव्हे. चीनमध्ये उत्तम माल बनतो, हे सांगायला आता कुणाची गरज नाही. नावाजलेल्या युरोपीय ब्रँडचे कपडेही बऱ्याचदा तिथेच शिवले जातात. मुद्दा वेगळा आहे. स्क्रीनवर दिसणारा आकडा हा निव्वळ कपड्याचा भाव नसतोच. तो टपालाच्या जुन्या करारांनी आणि करमाफीच्या नियमांनी तयार केलेला आकडा आहे. ते नियम सध्या जगभर भराभर बदलतायत. आपल्याकडे तर सहा वर्षांपूर्वीच बदलले, फक्त जाहिरातीत तसं लिहीत नाहीत.

स्वस्ताईमागचं टपाल

कधी प्रश्न पडलाय का, की तीन-चार डॉलरची वस्तू 'फ्री शिपिंग'नं अर्ध्या जगापलीकडे जाते कशी? आपण इथून नाशिकला कुरिअर करायचं तरी शंभराची नोट जाते.

त्याचं उत्तर १८७४ साली स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघात आहे. एका देशाचं टपाल दुसऱ्या देशात पोचलं, की ते घरपोच करण्याचे पैसे पाठवणारा देश देतो. हे दर ठरवताना विकसनशील देशांना सवलत होती आणि चीनला कितीतरी वर्षं तिचा फायदा मिळाला. म्हणजे चीनमधून आलेलं छोटं पाकीट अमेरिकेचं टपाल खातं स्वतःच्या खर्चापेक्षा कमी पैशात दारापर्यंत नेऊन देत होतं. ही व्यवस्था झाली तेव्हा पत्रं डोळ्यांसमोर होती. पत्रांच्या जागी मोबाइल कव्हरं आणि सायकलच्या चड्ड्या येतील, हे कुणाच्या स्वप्नातही नसणार. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेनं टपाल संघातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात तडजोड झाली आणि मोठ्या प्रमाणावर परदेशी टपाल घेणाऱ्या देशांना आपले दर आपणच ठरवायची मुभा मिळाली.

दुसरा टेकू होता करमाफीचा. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर सीमाशुल्कच नव्हतं. युरोपीय संघात ती मर्यादा १५० युरो. एवढ्या तेवढ्या रकमेसाठी पाकिटं कोण फोडत बसणार, हा त्यामागचा विचार. साधा आणि तेव्हा बरोबरच. पण ऑनलाइन विक्रेत्यांनी या फटीचा महामार्ग केला. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेत अशी सुमारे १३६ कोटी पार्सलं शिरली. युरोपात २०२४ मध्ये ४६० कोटी, म्हणजे दिवसाला सव्वा कोटीच्या आसपास. त्यातली ९० टक्क्यांहून जास्त चीनमधली.

मग दारं बंद व्हायला लागली. अमेरिकेनं २ मे २०२५ पासून चीन आणि हाँगकाँगच्या पार्सलांची माफी काढली आणि २९ ऑगस्टपासून सगळ्याच देशांची. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्यानंही अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं, ते थेट ऑक्टोबरच्या मध्यावर, दिवाळीच्या तोंडावर पूर्ववत झालं. न्यू जर्सीतल्या भाच्याला चकल्या पाठवणाऱ्या आत्याला विचारा, जागतिक व्यापार धोरण म्हणजे काय ते ती सांगेल. युरोपीय संघही येत्या १ जुलैपासून छोट्या पार्सलातल्या वस्तूंवर ३ युरोचं सरसकट शुल्क लावणार आहे.

आपलं दार आधीच बंद झालं होतं

परदेशातल्या रायडरचे 'बजेट किट हॉल'चे व्हिडिओ बघताना आपण एक गोष्ट विसरतो. त्यांचा हिशेब आपल्याला लागू नाही आणि कधी फारसा नव्हताच. आपल्याकडे पाच हजार रुपयांपर्यंतची 'भेटवस्तू' शुल्काशिवाय यायची. शॉपिंग ॲप्सवरून घेतलेला मालही त्याच नावाखाली येतो, अशा तक्रारी वाढल्या. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारनं भेटवस्तू म्हणून माल सोडवायला बंदी घातली. अपवाद दोनच : जीवरक्षक औषधं आणि राखी. (राखी! कायद्यालाही बहीण असते.) मग जून २०२० मध्ये ५९ चिनी ॲप्सवर बंदी आली, त्यात शीन होतं. नोव्हेंबरमध्ये आणखी ४३ ॲप्स गेली, त्यात अलीएक्सप्रेस. सायकलवाल्यांचा खरा अड्डा हाच होता. शीन २०२५ मध्ये रिलायन्सचा हात धरून परत आलं, अलीएक्सप्रेसचं दार बंदच राहिलं. ब्रिटनमधलं विगल हे दुसरं आवडतं दुकान, त्यांच्या 'डीएचबी' शॉर्ट्सचं नाव जुने रायडर अजून काढतात. तेही ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं.

आता उरतात काय, तर आडनाव नसलेल्या वेबसाइट्स, काही चिनी ब्रँडची स्वतःची दुकानं आणि परदेशातून येणारा मामेभाऊ. मामेभाऊ सगळ्यात भरवशाचा, कारण प्रवाशाच्या सामानाला ठरावीक मूल्यापर्यंत शुल्क माफ असतं. फक्त त्याला यादी देताना मर्यादा ठेवा.

मग दोन हजारांचे किती होतात?

समजा बिब १६०० रुपयांना पडते आणि पाठवणावळ ४००. शुल्क नुसत्या १६०० वर लागत नाही, पाठवणावळ धरून २००० वर लागतं. पहिला घोटाळा इथेच होतो. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूंवरचं सीमाशुल्क यंदाच्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणायचं जाहीर झालंय. बारीकसारीक अधिभार बाजूला ठेवू आणि जीएसटी १८ टक्के धरू. जुन्या दरानं २००० चे २४०० आणि त्यावर जीएसटी, म्हणजे २८३२. नव्या दरानं २२०० आणि जीएसटी धरून २५९६. फरक २३६ रुपयांचा. वाईट नाही. पण त्यात कार्डाचा परकीय चलनाचा आकार आणि कुरिअर कंपनीची कस्टम्स सोडवायची फी मिळवा, की सवलत जवळजवळ तिथेच संपते. 'शुल्क निम्मं झालं' हे ऐकून ज्यांनी कार्ट भरलंय, त्यांनी एवढं गणित वहीत मांडावं.

आता दुसरी बाजू. गेल्या २२ सप्टेंबरपासून आपल्याकडे अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्केच आहे. पूर्वी ही मर्यादा हजाराची होती. म्हणजे देशात विकल्या जाणाऱ्या शॉर्टवर ५ टक्के आणि पार्सलातल्या शॉर्टवर सगळं मिळून ३० च्या घरात. परदेशातली शॉर्ट मूळ भावातच तेवढी स्वस्त असेल, तरच तो सौदा.

'पण माझ्या मित्राचं पार्सल तर असंच आलं, एक रुपया लागला नाही!' हे प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच. येतं, कधीकधी खरंच येतं. टपालानं आलेलं प्रत्येक पाकीट काही उघडलं जात नाही. पण तो मटका आहे, त्याला बचत म्हणू नका. आणि एक गोष्ट गंभीरपणे घ्या. बरेच विक्रेते स्वतःहून पाकिटावर 'गिफ्ट, ५ डॉलर' असं लिहून मोकळे होतात. तुम्हाला वाटतं, वा, किती समजूतदार! पण कागदोपत्री आयातदार तुम्ही असता. आधार किंवा पॅन तुमचं लागलेलं असतं. किंमत खोटी निघाली तर माल अडकतो, दंड होऊ शकतो आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. शेन्झेनमधला विक्रेता बॅलार्ड इस्टेटच्या परदेशी टपाल कार्यालयात तुमच्यासाठी उभा राहणार नाही. ऑर्डर करतानाच त्याला लिहा, की खरी किंमत टाक. तो नाही म्हणाला, तर तुम्हाला त्याच्याबद्दल सगळं कळलं.

पार्सलची वाट बघणारा माणूस हा भामट्यांना सगळ्यात सोपा सापडतो, हेही लक्षात असू द्या. 'तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, त्यात आक्षेपार्ह वस्तू सापडली' असा फोन आला आणि तुम्ही खरोखरच काहीतरी मागवलेलं असलं, की छातीत धस्स होतं. तो फोन कापायचा. कस्टम्सवाले व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन.

काय मागवायचं, काय नाही

जर्सी मागवायची असेल तर बिनधास्त मागवा. पॉलिस्टर, चेन, मागे खिसे. बिघडून बिघडून काय बिघडणार? पण व्यावसायिक संघाची हुबेहूब नक्कल असलेली नको. नकली ब्रँडचा माल कस्टम्स अडवू शकतं आणि पार्सल गेलं ते गेलं.

शॉर्टचं तसं नाही. तिथे सगळा खेळ आतल्या पॅडचा. पूर्वी तिथे शॅमॉय नावाच्या डोंगरी शेळीचं कातडं लावायचे, म्हणून अजूनही त्याला शॅमॉयच म्हणतात. आता तो फोम असतो. फोटोत सगळे पॅड सारखे गुबगुबीत दिसतात, पण जाडी आणि दाटपणा यांत फरक असतो. मऊ, जाड फोम खोलीत बसून दाबला तर मस्त वाटतो आणि तिसऱ्या तासाला सीटवर पापड होतो. बसण्याच्या दोन हाडांखाली दाट फोम, बाकी ठिकाणी पातळ, आणि शिलाई अशी की मांडीला घासणार नाही. हे असेल तर शंभर किलोमीटर निघतात. नसेल तर आधी सालटं जातं, मग केसतोड होतं आणि वर्गातल्या बाकावर तिरकं बसायची पाळी येते. (आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं, हे पहिल्या दिवशीच ऐकून घ्या.) पॅडबद्दल वेबसाइटवर दाटपणाचा एकही आकडा दिलेला नसेल, तर ती शॉर्ट लांबच्या राइडसाठी नाही असं समजा.

त्यात मापाची गंमत. चिनी मापं आपल्यापेक्षा लहान येतात. 'एम' घालणाऱ्याला 'एक्सएल' लागू शकतं. टेप घेऊन छाती, कंबर, मांडी सेंटिमीटरमध्ये मोजा आणि त्यांच्या तक्त्याशी ताडा. माप चुकलं तर परत पाठवायचा खर्च बहुधा वस्तूइतकाच येतो. माझी पहिली बिब अशीच आली. उभं राहिलं की पट्टे मला पुढे वाकवायचे. ती तीन वर्षं धाकट्या भावाच्या कपाटात आहे, त्यालाही होत नाही.

हेल्मेट मात्र अनोळखी साइटवरून स्वस्तात घेऊ नका. आत छापलेला ईएन १०७८ हा आकडा कुणालाही छापता येतो, डोकं कुणालाही दुसरं मिळत नाही.

माझा स्वतःचा कल सरळ आहे : शॉर्ट इथेच, दुकानात घालून, वाकून, दोन मिनिटं सायकलवर बसून बघून घ्यावी. डेकॅथलॉनसारख्या दुकानात हे करता येतं. भारतीय ब्रँडही आहेत, आणि तक्रार करायला समोर कुणीतरी असतं. देशातल्या विक्रेत्यानं दाद दिली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतात नियमित माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत, पण ज्या साइटचा पत्ताच सापडत नाही तिला ते दाखवणार कसे?

जर्सीसाठी तर परदेशात जायचीही गरज नाही. गल्लीतल्या क्रिकेट टूर्नामेंटच्या, मंडळाच्या जर्सी जो छापून देतो, तो याच पद्धतीनं पॉलिस्टरवर रंग चढवत असतो. पंधरा-वीस जणांची ऑर्डर असेल तर चेन आणि मागचे खिसेही शिवून देतो. आमच्या रविवारच्या ग्रुपनं यंदा तेच केलं. डिझाइन एका फाइन आर्ट्सच्या पोरीनं केलं, कापड आम्ही हात लावून निवडलं. तीन खिसे सांगितले होते, आले दोनच. आता एकात केळं, दुसऱ्यात फोन आणि पंक्चरचं सामान सीटखालच्या पिशवीत.