अ‍ॅप बदलाल, पण सामानाचं काय?

घणसोलीत मी भाड्याने राहतो. ११ महिन्यांचा करार संपला की टेम्पो बोलवायचा, सामान भरायचं आणि निघायचं. घरमालक बदलतो, पण कपाट आणि पुस्तकं आपल्यासोबत येतात. ऑनलाइन लिहिणाऱ्यांना हा टेम्पो बऱ्याचदा मिळतच नाही.

'कू' आठवतंय? फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाशी संबंधित अकाउंट्स ब्लॉक करण्यावरून केंद्र सरकार आणि ट्विटरचं वाजलं. पीयूष गोयल यांच्यासारखे मंत्री कूवर आले, मागोमाग बरेच लोक आले. मराठीत लिहिण्याची सोयही होती. पण जुलै २०२४ मध्ये कू बंद झालं. मोठ्या कंपन्यांशी बोलणी फिसकटली आणि खर्च झेपेना, असं संस्थापकांनी सांगितलं. ट्विटरवर चिडून निघालेल्यांना साडेतीन वर्षांत पुन्हा नवी जागा शोधावी लागली.

जुन्या सेवाही सुटत नाहीत. टाइपपॅड ही २००३ पासूनची ब्लॉग सेवा. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी बंद करत असल्याची घोषणा झाली आणि ३० सप्टेंबरला कुलूप लागलं. वीसेक वर्षांचं लिखाण हलवायला जेमतेम महिना!

मोबाइल नंबर आपण २०११ पासून देशभर पोर्ट करू शकतो. कंपनी बदलते, नंबर तोच. सोशल मीडियावर मात्र तुमचं हँडल, पोस्ट आणि फॉलोअर्सची यादी कंपनीच्या डेटाबेसमध्ये असते. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर्स सोबत नेता येतात, पण जुन्या पोस्ट तिथेच राहतात. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये सगळ्या पोस्टचा बॅकअप एका फाइलमध्ये मिळतो. स्वतःचं डोमेन घेतलंत, तर सेवा बदलली तरी वाचकांसाठी पत्ता तोच राहतो. फक्त दरवर्षी रिन्यू करायला विसरू नका, नाहीतर तोही जातो.

म्हणून नवीन अ‍ॅप देशी आहे की विदेशी, मालक चांगला आहे की वाईट, यावर वाद जरूर घाला. पण त्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन 'एक्स्पोर्ट' किंवा 'डाउनलोड युअर डेटा' शोधा. सापडलं तर आजच एक फाइल उतरवून उघडून बघा. नाही सापडलं, तर तिथे लिहिलेल्या प्रत्येक ओळीची कॉपी आपल्याकडे ठेवा. मालक उद्या बदलू शकतो, हे धरूनच चाला.