गाडीचं दार बटणावर उघडतं, पण बॅटरीच बंद पडली तर? चीनचा नवा नियम काय सांगतो?

चीनने गाड्यांच्या दारांसाठी आणलेला नवा नियम १ जानेवारी २०२७ पासून लागू होतोय. 'लपलेल्या हँडल्सवर चीनची बंदी' अशा मथळ्यांमुळे इलेक्ट्रॉनिक दारंच बंद होणार, असं वाटू शकतं. तसं नाहीये. इलेक्ट्रॉनिक लॅच ठेवा, पण वीज गेली तरी हाताने दार उघडता आलं पाहिजे, असं हा नियम सांगतो.

दोन्हींत फरक काय?

साध्या दारात हँडल ओढलं की रॉड किंवा केबल ताणली जाते आणि दाराच्या आतलं लॅच सुटतं. इलेक्ट्रॉनिक दारात हँडल हे फक्त एक स्विच असतं. तिथून सिग्नल जातो आणि लॅचमधली छोटी मोटर दार मोकळं करते.

मग कंपन्यांना ते का हवंय?

कारण फायदे खरे आहेत. रॉड आणि केबलची गुंतागुंत कमी होते. हँडल ओढायला जोर लागत नाही. मोबाईलने दार उघडता येतं, चाइल्ड लॉक ड्रायव्हरच्या सीटवरून लावता येतं.

सर्वात मोठा फायदा सुरक्षेचा आहे. लेक्ससने २०२१ मध्ये एनएक्स या गाडीत असं लॅच दिलं, जे ब्लाइंड स्पॉट सेन्सरशी जोडलेलं आहे. मागून सायकल किंवा गाडी येत असेल तर दार उघडतच नाही. उभ्या कारचं दार अचानक उघडून दुचाकीस्वार पडतात, हे पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर नवीन नाही. साधं लॅच असा धोका ओळखू शकत नाही.

अडचण कुठे येते?

हे लॅच इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या बॅटरीवर नाही, तर साधारणपणे १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतं. ती उतरली किंवा अपघातात वायर तुटली, तर बाहेरचं हँडल निरुपयोगी ठरू शकतं.

जून २०२५ मध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे १.९७ लाख मस्टँग मॅक-ई गाड्या याच कारणासाठी रिकॉल केल्या. बॅटरी उतरल्यावर मोठी माणसं खाली उतरून दार लावून घेतील आणि मागच्या सीटवरचं मूल आत अडकेल, अशी भीती होती. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने २०२१ च्या सुमारे १.७४ लाख टेस्ला मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली. मूल आत आणि पालक बाहेर, अशा तक्रारी होत्या. काहींना काच फोडावी लागली.

त्यानंतर ऑक्टोबरमध्ये चीनच्या चेंगडू शहरात शाओमीची एक कार पेटली. लोक धावले, पण त्यांना दार उघडता आलं नाही. चालकाचा मृत्यू झाला.

नियमात नेमकं काय आहे?

डिकी सोडून प्रत्येक दाराला आतून आणि बाहेरून मेकॅनिकल सोय हवी. बाहेरच्या हँडलपाशी हात घालायला किमान ६० मिमी लांब, २० मिमी रुंद आणि २५ मिमी खोल जागा हवी. आतलं हँडल कसं उघडायचं, याची खूण दिसली पाहिजे. आधीच मंजुरी मिळालेल्या मॉडेल्सना बदलासाठी २०२९ पर्यंत मुदत आहे.

भारतातल्या गाडीमालकांनी काय करावं?

टाटा कर्व्ह, महिंद्रा बीई ६ अशा गाड्यांमुळे दारात बसवलेली हँडल्स आपल्याकडेही दिसू लागली आहेत. पण हँडल लपलेलं आहे म्हणजे लॅच इलेक्ट्रॉनिकच असेल, असं नाही. त्यामुळे आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडा आणि तीन गोष्टी शोधा: बॅटरी बंद असताना पुढचं दार आतून कसं उघडतं, मागचं कसं उघडतं आणि बाहेरून काय सोय आहे. काही गाड्यांत मागच्या दाराची मेकॅनिकल केबल खणाच्या तळाशी, झाकणाखाली असते. धूर भरलेल्या गाडीत ती शोधायला वेळ मिळत नाही.

हे उत्तर घरातल्या मुलांना आणि आजी-आजोबांनाही एकदा प्रत्यक्ष दाखवून ठेवा. मागच्या सीटवर बहुतेक वेळा तेच बसतात.