आपल्या घराला कोणती बोट?



गेल्या रविवारी श्रीगोंद्याच्या आमच्या वस्तीत वंदना आटोपली आणि विहाराच्या ओट्यावर एक वेगळाच विषय निघाला. शेजारचा मुलगा चाकणला कंपनीत आहे. यंदा तो कायम झाला. आईवडिलांना, बायकोला आणि दोन्ही पोरांना घेऊन मुंबई ते गोवा मोठ्या बोटीने जायचे, असे त्याच्या मनात भरले आहे. मोबाईलवर त्याने सगळ्यांना चित्रे दाखवली. अकरा मजली बोट, वर पोहण्याचा हौद, रात्री रोषणाई. पैसे हप्त्याने भरायची सोय आहे, हेही त्याने सांगितले.

त्याचे वडील तात्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आपलं काय काम तिथं? मोठ्या लोकांचं ते." मुलगा रागावला. म्हणाला, "तात्या, तुम्ही समुद्र तरी धड पाहिलाय का?" तात्या म्हणाले, "दरसाल पाहतो. सहा डिसेंबरला. पण रांगेत समुद्राकडं पाठच असती." सगळे हसले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "बोट बुडत तर नाही ना?"

या तिघांचे तीन प्रश्न आहेत. तात्यांचा मानाचा, मुलाचा हौसेचा आणि वहिनींचा जिवाचा. तिन्ही खरे आहेत. आज आपण त्यांचाच विचार करू.

प्रथम तात्यांचा प्रश्न. बोट ही मोठ्या लोकांची, हे कुणी सांगितले? एके काळी समुद्र ओलांडला म्हणून स्वतःला उच्च म्हणवणाऱ्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागत असे. आपल्या बाबासाहेबांनी १९१३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन समुद्रमार्गे अमेरिका गाठली. १९१७ साली पहिले महायुद्ध चालू असताना ते परतले. त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट टॉर्पेडोने बुडाली. १९३० साली गोलमेज परिषदेसाठी ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने लंडनला गेले. आपल्या कोट्यवधी माणसांचे गाऱ्हाणे तेव्हा त्या बोटीतूनच समुद्रापार गेले.

आणि महाडचा दुसरा सत्याग्रह आठवा. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीने निघाले आणि २५ तारखेला सावित्री खाडीवरच्या दासगाव बंदरात उतरले. तिथून मिरवणुकीने चालत महाड. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तेव्हा तात्या, बोटीत आपले काय काम असे पुन्हा म्हणू नका. आपल्या चळवळीचा एक पाय बोटीतच होता.

आता मुलाचा प्रश्न. हक्क आहे म्हणून प्रत्येक बोट आपल्या घराला मानवेलच असे नाही. बायकोची चप्पल नवऱ्याच्या पायात जात नाही, तसेच सहलीचे आहे. आधी आपले घर ओळखावे, मग बोट निवडावी.

मोठी बोट, म्हणजे क्रूझ, कुणासाठी? मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही बोट सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. गोवा, लक्षद्वीप अशा तिच्या फेऱ्या झाल्या. अशा बोटीवर मुक्काम, जेवण आणि करमणूक एकाच ठिकाणी असते. सामान रोज बांधायचे नाही, धावपळ नाही. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे सोयीचे, कारण उद्वाहन असते. परंतु काही गोष्टी तिकीट काढण्यापूर्वी विचाराव्यात. जाहिरातीतला दर सहसा एका माणसाचा असतो, खोलीचा नव्हे. त्यावर बंदराचा आकार आणि कर निराळे पडतात. जेवण तिकिटात येते, पण काही पेये, खास उपाहारगृहे आणि किनाऱ्यावरची सहल यांचे पैसे वेगळे. बिनखिडकीची आतली खोली सर्वांत स्वस्त, खिडकीची त्याहून महाग, सज्जाची त्याहून महाग. ज्यांना बोट लागते, म्हणजे मळमळते, त्यांनी खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मधोमध असलेली खोली मागावी. तिथे हेलकावे कमी बसतात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अशा बोटीवर मद्यालय असते आणि जुगाराचा अड्डाही असतो. त्याला कॅसिनो म्हटले म्हणून त्याचे रूप बदलत नाही. आपण दर रविवारी पंचशील ग्रहण करतो. बोटीवर पाय ठेवला की पाचवे शील धक्क्यावर राहते, असे होऊ नये. ज्याच्या घरात एकाने व्यसन नुकतेच सोडले आहे, त्याने ही बोट निवडूच नये. ज्याचा मनावर ताबा आहे, त्याने खुशाल जावे आणि पोरांना समुद्रातला सूर्योदय दाखवावा.

दुसरी बोट रो-रो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला ही मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तासाभराचा प्रवास. गाडीसुद्धा बोटीत चढते. दिवसभरात जाऊन येता येते. मोठी, बंदिस्त आणि स्थिर असल्यामुळे लहान मुलांच्या कुटुंबाला चांगली. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटी मात्र पावसाळ्यात बंद असतात.

तिसरी घारापुरीची लाँच. गेटवेहून सुमारे तासाभरात बेट येते. सोमवारी लेणी बंद, हे लक्षात ठेवा. धक्क्यापासून पुढे लहान आगगाडी आहे, पण त्यानंतर शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात. शंकराच्या शिल्पांसाठी हे बेट जगात प्रसिद्ध आहे. परंतु पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत आणि काही लेणी बौद्धांची आहेत, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. ते आपण सांगावे. शिकत्या मुलांच्या घराला ही बोट उत्तम.

चौथी आणि माझ्या मते आपल्यासारख्यांची सर्वांत जवळची, खाडीवरची फेरीबोट. श्रीगोंद्याहून पुणे आणि पुण्याहून महाड, एस.टी.ने जाता येते. महाडला चवदार तळे पाहावे. गावाजवळच गांधारपाले इथे बौद्ध लेणी आहेत. वाटेत दासगाव लागते. तिथे क्षणभर थांबावे. मग हरिहरेश्वर. त्याच्या जवळच्या बागमांडल्याहून फेरीबोट सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला जाते. माणसे, दुचाक्या, मोटारी, सगळे एकाच बोटीत. प्रवास थोड्या मिनिटांचा. पण पलीकडच्या तीरावर पाऊल ठेवले की तुम्ही मंडणगड तालुक्यात असता, आणि त्याच तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचे मूळ गाव! या सहलीला समुद्रही आहे, बोटही आहे आणि इतिहासही आहे.

खर्चाचेही पाहा. एस.टी.मध्ये मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. आधारकार्ड बरोबर असू द्या. घाटरस्ते पावसाळ्यात कधी बंद ठेवतात, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस बरे.

आता वहिनींचा प्रश्न. बोट बुडते का? खोटा धीर मी देणार नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. फार लांब कशाला जायचे? आपल्या भीमेच्याच उजनी जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान नौका धडकली आणि पंधरा जणांचा बळी गेला. यांत समुद्राचा दोष एकट्याचा नसतो. गर्दी, घाई, बिघडलेले हवामान आणि अंगावर नसलेले जॅकेट यांचाही असतो.

म्हणून बहिणींनो, पुढील गोष्टी पाठ करा. बोटीत चढण्याआधी प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट चढले पाहिजे, मुलांच्या अंगावर मुलांच्या मापाचे. पट्टे बांधलेले हवेत, नुसते खांद्यावर टाकलेले नव्हे. जॅकेट नसेल तर त्या बोटीत बसू नका. बोट भरली असेल तर पुढची धरा, तास गेला तरी चालेल. आभाळ दाटले, वारा सुटला, की सहल तिथेच थांबवा. धरणाच्या पाण्यात 'चला, एक चक्कर मारू' म्हणणाऱ्या अनोळखी होडीवाल्याला नम्रपणे नाही म्हणा. फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला धावू नये, बोट कलते. आणि मोठ्या बोटीवर पहिल्या दिवशी संकटकाळी कुठे जमायचे ते दाखवतात, त्या वेळी खोलीत झोपून राहू नका.

शेवटी पैशाचे. हप्त्याने सहल करायची का? घर, शिक्षण, औषधपाणी यांसाठी कर्ज काढावे लागते, ते समजू शकते. तीन दिवसांच्या मौजेसाठी वर्षभर हप्ते फेडणे मला पटत नाही. भगवान बुद्धांनी धम्माला तराफ्याची उपमा दिली. नदी पार करण्यासाठी तराफा. पार झाल्यावर तो डोक्यावर घेऊन चालणारा शहाणा नव्हे, असे त्यांनी भिक्खूंना समजावले. ती शिकवण फार खोल आहे, पण प्रपंचातही तिचा उपयोग होतो. सहल संपली आणि हप्ते राहिले, तर बोट डोक्यावर घेऊन चालल्यासारखेच ते!

मी हे सगळे ओट्यावर सांगितले तेव्हा मुलगा थोडा हिरमुसला. पण त्याने हिशेब केला. संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "या दिवाळीला महाड, हरिहरेश्वर आणि आंबडवे. मोठ्या बोटीसाठी आवर्ती ठेव उघडतो. दोन वर्षांनी रोख पैसे टाकून नेतो सगळ्यांना." वहिनींनी जॅकेटचे पुन्हा दोनदा विचारून घेतले. तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मोठ्या बोटीचं तवाच्या तवा बघू. पण या खेपेला समुद्राकडं तोंड करून उभा राहीन म्हणतो."

आपल्या घरीही असा विषय निघाला असेल. म्हाताऱ्यांना विचारा, बायकांना विचारा, पोरांना विचारा आणि मगच तिकीट काढा. हौस करा, पण डोळे उघडे ठेवून.

जयभीम!