नळीतले अन्न आणि हिशेबाबाहेरचे श्रम

सार्वजनिक रुग्णालयांची चर्चा बहुधा खाटा, यंत्रे आणि औषधे यांपाशीच संपते. रुग्णाच्या पोटात दिवसाकाठी किती अन्न गेले, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः हा प्रश्न शुश्रूषाशास्त्राइतकाच जुना आहे. अन्न हाताशी असूनही ते वेळेवर व नीट न दिल्याने रुग्ण उपाशी राहतात, अशी तक्रार फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच केली होती.

पक्षाघाताने गिळण्याची शक्ती गेलेल्या रुग्णाला नाकावाटे जठरात नळी घालून अन्न द्यावे लागते. जॉन राईल या इंग्रज वैद्याच्या नावाने ओळखली जाणारी ही नळी किमतीने किरकोळ आहे. तिची निगा मात्र किरकोळ नव्हे. नळी श्वासमार्गात गेली, तर पेज थेट फुप्फुसात उतरते. म्हणून तिची जागा क्ष-किरण चित्राने, अथवा ओढून काढलेल्या जठररसाची आम्लता तपासून निश्चित करावी लागते. नळीत हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची रूढ पद्धत भरवशाची नाही. पुढे प्रत्येक वेळी नाकाशी असलेली खूण पाहणे, उशाकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच करणे, गाळलेले अन्न सावकाश सोडणे, नळी पाण्याने धुणे आणि दिलेल्या अन्नाची नोंद करणे हे सारे आलेच. श्वासमार्गातील नळीतून अन्न दिले जाणे हा प्रकार इंग्लंडने २००९ मध्ये ‘कधीही घडू नयेत’ अशा घटनांच्या अधिकृत यादीत घातला.

आता साधा हिशेब मांडावा. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी, म्हणजे नऊ वेळा अन्न द्यायचे आणि दर खेपेस वीस मिनिटे धरली, तर एका रुग्णामागे तीन तास होतात. असे चार रुग्ण असले की बारा तास झाले. म्हणजे आठ तासांच्या दीड पाळ्या! अपुऱ्या परिचारिकांच्या कक्षात हा वेळ आणायचा कोठून? मग सिस्टर एकदा दाखवून देतात आणि पिचकारी रुग्णाच्या पत्नीच्या किंवा सुनेच्या हाती जाते. खर्च वाचला असे शासनाला वाटते. प्रत्यक्षात तो अंदाजपत्रकातून उठून मजुराच्या घरात जातो; तिच्या बुडालेल्या रोजाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

नातेवाईक मायेने करतात, मग बिघडले कोठे, असे यावर म्हटले जाते. मायेचे मोल कोणी नाकारीत नाही. पण नळी सरकली आहे की नाही, हे मायेला कळत नाही. घरी नळीसह जाणाऱ्या रुग्णाच्या माणसांना हे काम शिकवावेच लागेल. तथापि ते परिचारिकेने वेळ देऊन शिकवायचे आहे, घाईने उरकायचे नाही. परिचारिकांची पदे केवळ खाटा मोजून न ठरवता, परावलंबी रुग्ण किती आणि त्यांच्यामागे तास किती लागतात, हे पाहून ठरवावीत. रिक्त पदे भरणे ही तर त्याआधीची पायरी. आणि रुग्णाच्या तक्त्यावर तापाच्या आकड्याशेजारी पोटात गेलेल्या अन्नाचा आकडाही रोज लिहिला जावा.