गॅलरीचं तिकीट कुणी महाग केलं?

पेठापेठांतल्या, तालमीतालमींतल्या फुटबॉलवाल्यांनो,

हे पत्रक तुम्हाला शाहू स्टेडियमच्या गेटवर मिळालंय. म्हणजे तुमच्या मुठीत तिकीट आहे आणि ते मिसळीच्या एका प्लेटपेक्षा स्वस्तात पडलंय. आत जा, तापलेल्या पायरीवर रुमाल टाका, भडंगाची पुडी सोडा आणि हलगी तापेपर्यंत एवढं वाचून काढा.

रात्री जागून लिव्हरपूल-मँचेस्टर बघणारी पोरं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. तिथलं गाणं, झेंडे, आरडाओरडा टीव्हीवर दिसतो. त्या गाणाऱ्याला आत शिरायला किती मोजावे लागले, ते दिसत नाही. आम्ही तोच हिशोब मांडायला बसलोय. कारण तिकिटाचा भाव पावसासारखा वरून पडत नाही. कुणीतरी टेबलाभोवती बसून तो ठरवतं आणि गॅलरीने वेळेवर तोंड उघडलं तर त्याच टेबलावर तो खालीही येतो.

इंग्लंडच्या लीगने १८९० मध्ये मोठ्या माणसाचं किमान तिकीट ठरवलं सहा पेन्स, म्हणजे अर्धा शिलिंग. पहिल्या महायुद्धानंतर त्याचा एक शिलिंग झाला. शनिवारी दुपारी भोंगा झाला की गिरणीतला, गोदीतला माणूस कामाच्या कपड्यांत मैदान गाठायचा. दुपारी तीनची वेळ त्या भोंग्यामुळेच रूढ झाली. नावनोंदणी नाही, मेंबरशिप नाही. फिरत्या फाटकाशी नाणं ठेवलं की आत. बारकी पोरं गर्दीत चेंगरू नयेत म्हणून माणसं त्यांना डोक्यांवरून हातोहात पुढे, पार कठड्यापर्यंत पोचवायची. आता हे सगळं गोडच होतं असं कुणी समजू नका. पायऱ्या मोडक्या, मुताऱ्यांना नाक धरून जावं लागायचं, दंगे व्हायचे, आणि बरेचसे मालक गल्ला मोजायचे पण मैदानावर दमडी घालायचे नाहीत.

त्याची किंमत १५ एप्रिल १९८९ ला चुकवावी लागली. शेफील्डचं हिल्सबरो मैदान, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची एफए कप सेमीफायनल. लोखंडी जाळ्यांनी बंदिस्त केलेल्या भागात माणसं कोंबली गेली. ९७ जीव गेले. त्यातला शेवटचा ३२ वर्षांनी, त्याच दुखापतींपायी. वर दोष मेलेल्यांवरच ढकलला गेला. प्रेक्षकांची काही चूक नव्हती, हे ज्युरीच्या तोंडून यायला २०१६ उजाडावं लागलं.

चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अहवाल दिला. मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची द्या, असं त्यांनी सांगितलं. क्लबांनी एवढं वाचलं आणि पान उलटलं. पुढे टेलरसाहेबांनी हेही लिहिलं होतं की सर्वांत स्वस्त खुर्चीचा दर उभ्याने बघणाऱ्याच्या खिशाला झेपेल असा ठेवता येतो. त्यांनी उदाहरण दिलं ग्लासगोच्या आयब्रॉक्सचं: उभं राहायला ४ पौंड, बसायला ६. दोन पौंडांचा फरक.

प्रत्यक्षात काय झालं? १९८९-९० मध्ये लिव्हरपूलचं सर्वांत स्वस्त तिकीट ४ पौंडांना मिळायचं. २०११ मध्ये ते ४५ पौंडांवर गेलं होतं. त्या वीस-एकवीस वर्षांत तिथली महागाई पाऊणपटीच्या आसपास वाढली; त्या हिशोबाने ४ चे ७ व्हायला हवे होते. मँचेस्टर युनायटेडचं साडेतीन पौंडांचं तिकीट २८ वर पोचलं. पाव, दूध, घरभाडं, पगार, कुठल्याच गोष्टीने अशी उडी घेतली नाही. सुरक्षिततेसाठी दिलेली खुर्ची दरवानाच्या कामाला लावली गेली: हा आत, तू बाहेर.

क्लबांचं ठरलेलं उत्तर असतं, खर्च वाढले हो, खेळाडू महाग झाले. बरं. मग टीव्हीच्या पैशाचं बोलू. १९९२ मध्ये प्रीमियर लीग निघाली तेव्हा टीव्हीचा पाच वर्षांचा करार ३०.४ कोटी पौंडांचा असल्याचं सांगितलं गेलं. २०२५-२६ पासूनचा, फक्त इंग्लंडपुरता, चार वर्षांचा करार ६७० कोटींचा आहे. आपण इथे भरतो ते चॅनलचे पैसे वेगळे. आज त्या क्लबांच्या एकूण कमाईत सामन्याच्या दिवशीचा गल्ला साधारण सातवा हिस्सा भरतो, आणि त्यातही महागड्या बॉक्सवाल्यांचा वाटा मोठा. म्हणजे गोलपोस्टमागे घसा फोडणाऱ्याचं तिकीट पाच पौंडांनी उतरवलं तर क्लब काही भिकेला लागत नाही. बायर्न म्युनिकचे उली हेनेस हेच बोलून बसले होते: उभ्याच्या जागांचा भाव तिप्पट केला तर वर्षाला वीस लाख जादा मिळतील, पण खेळाडू विकत घेताना तेवढ्या रकमेवर आम्ही पाच मिनिटं घासाघीस करतो. ज्याला तो पैसा भरायचा असतो, त्याच्यासाठी मात्र तो डोंगर असतो. धंद्यात मुरलेल्या माणसाच्या तोंडचं आहे, म्हणून आम्हाला जास्त पटतं.

दुसरं उत्तर: परवडत नसेल तर येऊ नका, मागणी आहे म्हणून भाव आहे. हे ऐकलं की आम्हाला जून २०२० आठवतो. महामारीत इंग्लंडचे सामने रिकाम्या मैदानात सुरू झाले. चेंडूला बूट लागल्याचा आवाज सुद्धा ऐकू यायचा आणि बघवत नव्हतं. मग टीव्हीवाल्यांनी काय केलं? व्हिडिओ गेममधला गर्दीचा आवाज आणून सामन्याखाली वाजवला! जो माल ते जगभर विकतात त्यातला अर्धा प्रेक्षक स्वतःच्या घशातून तयार करतो, आणि तो तयार करण्यासाठी आत जायचे पैसेही तोच भरतो. तमाशाच्या फडात ढोलकीवाल्याकडून तिकीट घेतल्याचं कुणी ऐकलंय का?

जिथे लोक उठले, तिथे भाव हलला. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावर पाहुण्यांसाठी ६२ पौंडांचं तिकीट लावलं, तेव्हा मँचेस्टर सिटीच्या वाट्याची ९१२ तिकिटं खपलीच नाहीत, परत गेली. ६ फेब्रुवारी २०१६ ला लिव्हरपूलमध्ये तर बघण्यासारखं घडलं. पुढच्या हंगामात सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं करणार म्हणून जाहीर झालेलं. सामना संडरलंडशी, लिव्हरपूल २-० ने पुढे. घड्याळात ७७ वं मिनिट लागलं आणि सुमारे दहा हजार माणसं उठून दाराकडे चालू लागली. जिंकत असलेला सामना सोडून! उरलेल्या वेळात संडरलंडने दोन्ही गोल फेडले. २-२. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि ५९ चा जुना भाव कायम केला. त्याच आठवड्यात तिकडे जर्मनीत, स्टुटगार्टला, डॉर्टमुंडचे पाठीराखे पहिली वीस मिनिटं आत आलेच नाहीत. आल्यावर मैदानात टेनिसचे चेंडू फेकले. आणि मार्च २०१६ मध्ये प्रीमियर लीगच्या वीसही क्लबांनी मान्य केलं की पाहुण्या प्रेक्षकाकडून ३० पौंडांच्या वर घ्यायचे नाहीत. तीन हंगामांपुरता म्हणून आणलेला तो नियम पुढे वाढतच राहिला. दहा वर्षांत कुठला क्लब बुडाला?

अर्थात मालक झोपत नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऐन हंगामात, मँचेस्टर युनायटेडने मेंबरांसाठी उरलेल्या सामन्यांचा एकच भाव लावला, ६६ पौंड. शाळकरी पोराला सवलत नाही, पेन्शनवाल्या आजोबांना नाही. आदल्या दिवसापर्यंत पोराचं तिकीट २५ पौंडांना मिळत होतं.

आता विश्वचषक. आपल्या गल्ल्या दर चार वर्षांनी ब्राझील-अर्जेंटिनात वाटल्या जातात, भिंती रंगतात, सख्खे भाऊ महिनाभर नीट बोलत नाहीत. त्या विश्वचषकाचा हिशोब ऐका. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांनी २०२६ चं यजमानपद मागितलं तेव्हा कागदावर लिहिलं होतं: साखळी सामन्याचं तिकीट २१ डॉलरपासून, फायनलचं सर्वांत स्वस्त १२८ डॉलर, सर्वांत महाग १,५५०. डिसेंबर २०२५ मध्ये देशोदेशीच्या पाठीराख्यांसाठी फायनलचा भाव फुटला, तेव्हा सर्वांत स्वस्त तिकीटच ४,१८५ डॉलर होतं. साडेतीन लाख रुपयांच्या वर. तेवढ्यात गावाकडे एखाद्या पोरीचं लग्न लागतं. त्यात विमान नाही, व्हिसा नाही, राहणं नाही.

शिवाय भाव पळता ठेवला. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. दिवाळीत पुण्याहून गावी येताना ट्रॅव्हल्सवाला जे करतो तेच. आणि ज्याचं जाणं रद्द झालं त्याने तिकीट परत विकायचं तर फिफाच्याच दुकानात: विकणाऱ्याकडून १५ टक्के, घेणाऱ्याकडूनही १५ टक्के. आपल्या गूळ बाजारातला अडत्या एवढं काढू लागला तर शेतकरी त्याला सौद्यात उभा राहू देणार नाहीत. पूर्वी टॉकीजबाहेर 'ब्लॅक' करणारा पोलीस दिसला की पळायचा तरी.

जगभर बोंब झाल्यावर ६० डॉलरचं तिकीट आलं, फायनलसकट १०४ सामन्यांना. वर्तमानपत्रांत मोठा मथळा झाला. बारीक अक्षरातलं आम्ही सांगतो. प्रत्येक देशाच्या संघटनेला मैदानाच्या सुमारे आठ टक्के तिकिटं, आणि त्यातली दहा टक्के या भावात. ऐंशी हजारांच्या मैदानात एका संघाच्या वाट्याला साडेसहाशेच्या आत-बाहेर माणसं. पंगतीत चार जणांना जिलेबी वाढायची आणि फोटो काढून घ्यायचे. तरीही एक गोष्ट नोंदवू: बोंब मारली नसती तर तीही चार ताटं रिकामीच राहिली असती.

एवढ्या लांबच्या गोष्टी इथे कशाला, असं कुणी म्हणेल. हे पत्रक लिहिणाऱ्याचा अनुभव सांगतो. मागे एका मोठ्या शहरात पोराला घेऊन सामना बघायला गेलो. तिकीट तसं बेताचं. पण ते फोनवरच काढायचं, वर 'सुविधा शुल्क'. सुविधा कुणाला झाली ते अजून कळलेलं नाही. गेटवर पाण्याची बाटली काढून घेतली, घरच्या दशम्या काढून घेतल्या, खिशातली सुट्टी नाणी सुद्धा डब्यात टाकायला लावली. आत पाणी बाहेरच्या दुपटीने, तेही कागदी पेल्यात. पोराने तीन पेले प्यायले आणि चौथा मागताना माझ्या तोंडाकडे बघितलं. त्याने नंतर मागितलाच नाही. सामना कोण जिंकलं ते मला आज पटकन आठवत नाही.

स्वस्त तिकीट लावलं की गर्दी आपोआप होते, असा आमचा दावा नाही. १ जून २०१८ ला मुंबईत, अंधेरीला, भारताचा सामना बघायला अडीच हजारांच्या वर थोडेच लोक आले होते. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीला व्हिडिओ काढून विनवावं लागलं की शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. ४ जूनला, त्याच्या शंभराव्या सामन्याला, तेच मैदान भरलं. आणि २०१७ मध्ये आपल्या देशात १७ वर्षांखालच्यांचा विश्वचषक झाला, आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात भारताकडून खेळला, तेव्हा तिकिटं साध्या माणसाच्या हाताला लागत होती. १३,४७,१३३ प्रेक्षक आले. त्या स्पर्धेच्या इतिहासात तोपर्यंत एवढे कुठेच आले नव्हते.

आज आपलं मैदान आपल्याला परवडतंय. उद्या कुणीतरी रंगीत खुर्च्यांचं चित्र घेऊन येईल, ते सुंदर असेल, टाळ्याही पडतील. खुर्च्या जरूर येऊ द्या. आपल्या आया-बहिणींना बसायला नीट जागा आणि स्वच्छ संडास तर कधीच व्हायला हवे होते. पण टाळ्या वाजवण्याआधी चार गोष्टी लिहून मागा. नवी खुर्ची जुन्या गॅलरीच्या भावात किती काळ मिळणार, हे आकड्यात. तिकीट खिडकीवर, रोख पैशाने, सामन्याच्या दिवशी मिळालंच पाहिजे. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही तो फुटबॉलवाला नाही असं कुणी ठरवलं? शाळेच्या पोरांना वेगळा दर. आणि घरची भाकरी, घरचं पाणी आत नेता आलं पाहिजे, किंवा नळाला पाणी तरी असू द्या. पासवाल्यांच्या सोफ्यांची रांग दरवर्षी किती फुटांनी पुढे सरकते, तेही एकदा टेप लावून मोजू. टेप आम्ही आणतो.

हाफटाइमला गेटजवळच्या चहाच्या गाड्यापाशी वही ठेवली आहे. पटलं तर सही करा, पेठ कुठलीही असो. नाही पटलं तरी या, भांडू.

पत्रक वाचून पायरीवर टाकू नका, मागच्या रांगेत द्या. छपाईचे पैसे वर्गणीतून काढलेत, तेवढ्याच प्रती आहेत.

— गॅलरीतली काही माणसं