मधुमेहात आहारकपात की व्यायाम? कळीचा मुद्दा देखरेखीचा

नवी दिल्ली : राजधानी परिसरातील मधुमेही रुग्णांपुढे प्रत्येक हिवाळ्यात एक पेच उभा राहतो. डॉक्टर रोज चालण्याचा सल्ला देतात. प्रदूषण वाढले की प्रशासन घराबाहेरचे श्रम टाळण्यास सांगते. 18 नोव्हेंबर 2024 रोजी दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक 494 वर पोहोचला, तेव्हा असाच इशारा लागू होता. अशा दिवसांत व्यायामाऐवजी आहारात टोकाची कपात करण्याकडे कल वाढणे स्वाभाविक आहे.

या पर्यायाला शास्त्रीय आधार आहे. डिसेंबर 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत ब्रिटनमधील 306 रुग्ण सहभागी होते. त्यांपैकी एका गटाला तीन ते पाच महिने दररोज सुमारे 850 कॅलरींचा द्रवरूप आहार देण्यात आला. वर्षअखेरीस या गटातील 46 टक्के रुग्णांची रक्तशर्करा औषधांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण चार टक्के होते. 15 किलो वा त्याहून अधिक वजन घटलेल्यांपैकी 86 टक्क्यांना हे यश मिळाले. यकृत व स्वादुपिंडातील चरबी घटल्याने हा बदल होतो, असे संशोधकांचे प्रतिपादन आहे. केवळ चालण्याने एवढे वजन क्वचितच उतरते.

मात्र या यशाच्या अटी दुर्लक्षिल्या जातात. मधुमेहाचे निदान सहा वर्षांच्या आत झालेले आणि इन्सुलिन न घेणारे रुग्णच चाचणीत होते. मधुमेहाची औषधे पहिल्याच दिवशी थांबवण्यात आली आणि नियमित तपासणी सुरू राहिली. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू ठेवून स्वतःच्या मनाने जेवण तोडल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. शिवाय दोन वर्षांनंतर यशाचे प्रमाण 36 टक्क्यांवर आले. वजन उतरवण्यापेक्षा ते टिकवणे अवघड, हाच त्याचा अर्थ.

व्यायामाचे महत्त्व येथे स्पष्ट होते. भारतीयांमध्ये तुलनेने कमी वजनातही मधुमेह होतो आणि स्नायूंचे प्रमाण मुळातच कमी असते. तीव्र आहारकपातीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात. भारतीय तज्ज्ञांनी 2012 मध्ये सुचवलेल्या दररोजच्या 60 मिनिटांच्या हालचालीत 15 मिनिटे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामासाठी राखली आहेत, ती यामुळेच मोलाची ठरतात. हा व्यायाम घरातही करता येतो. त्याला स्वच्छ हवेच्या बागेची वाट पाहावी लागत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मधील अभ्यासानुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत. त्यांच्यापुढील खरा प्रश्न आहार की व्यायाम हा नसून, जेवण घटवताना औषधाची मात्रा कोण बदलणार, हा आहे. खासगी आहारतज्ज्ञ परवडणाऱ्यांना त्याचे उत्तर मिळते. इतरांसाठी ते सरकारी दवाखान्यातच मिळायला हवे. अन्यथा आजारातून सुटकेची ही वाट मूठभरांपुरतीच राहील.