भट्टीत जाणारी चाके आणि खरेदीचे दफ्तर

भोसरी-चाकणपासून सातपूर-अंबडपर्यंतच्या आपल्या औद्योगिक वसाहतींत एखादे यंत्र घेण्यापूर्वी जो विचारविनिमय होतो, त्याचा शतांशही त्या यंत्राखालच्या चाकांच्या वाट्याला येत नाही. आणि ज्या चाकांना ट्रॉलीसह तप्त भट्टीत शिरावे लागते, तेथे भार पेलत तिष्ठावे लागते आणि पुन्हा बाहेर येऊन निवावे लागते, त्यांची खरेदी तर बहुतेक दफ्तरांत सर्वांत कमी दराचे पत्रक पाहून उरकली जाते. हा शिरस्ता ट्रॉली ढकलणाऱ्या माणसावर उघड अन्याय करणारा आहे, असे माझे मत आहे.

मोठ्या बेकरीतील रॅक ओव्हनचे उदाहरण घ्यावे. पावाचे ट्रे एकावर एक रचलेली उंच ट्रॉली चाकांसकट आत जाते आणि 200 ते 230 अंश सेल्सिअसच्या उष्णतेत पाव भाजून होईपर्यंत तेथेच राहते. पावडर कोटिंगच्या भट्टीतही रंग पक्का होण्यासाठी सामान्यतः 180 ते 200 अंशांचे तापमान राखतात. आता साधे पॉलियुरेथेनचे चाक 80 अंशांच्या आसपासच आपली दृढता गमावू लागते. नायलॉन-6 हे 220 अंशांना प्रत्यक्ष वितळते, पण भार सहन करण्याची त्याची शक्ती त्याच्या कितीतरी आधीच क्षीण झालेली असते, आणि तापलेले चाक भरल्या ट्रॉलीखाली तसेच उभे राहिले तर ते एका बाजूने चपटे होऊन निवल्यानंतरही चपटेच राहते. उष्णतेसाठी मुद्दाम घडवलेले फिनॉलिक राळेचे चाक, सिलिकॉन रबराचे चाक आणि ओतीव लोखंडाचे चाक असे पर्याय येथे उरतात. त्यांत सिलिकॉन मऊ व निःशब्द असले तरी भाराला उणे, आणि लोखंड भाराला समर्थ असले तरी फरशीला निर्दय, हा विवेक ज्याचा त्याने आपल्या भट्टीपुरता केला पाहिजे.

परंतु माझा खरा आग्रह चाकाच्या द्रव्याविषयी नाही, त्याच्या पोटातील ग्रीसविषयी आहे. चाक स्वतः उष्णता सोसते असा दाखला विक्रेत्याने दिला, म्हणून त्याचे बेअरिंगही ती सोसेल असे मुळीच नाही. नेहमीचे लिथियम ग्रीस 120 अंशांपलीकडे सतत वापरण्याजोगे राहत नाही आणि 180-190 अंशांच्या सुमारास तर ते पातळ होऊन गळू लागते. त्यातील तेल उडून गेले की मागे कोरडा थर उरतो, आणि ज्या पदार्थाने घर्षण कमी करावयाचे तोच चाक जखडून धरतो. बेअरिंगवरील साध्या रबराच्या कडाही अशा उष्णतेत कडक होऊन तडकतात. म्हणून या कामासाठी फ्लोरिनयुक्त तेलाचे विशेष ग्रीस, किंवा ग्रीसावाचूनच चालणारे ग्राफाइटचे बुश, यांची मागणी लेखी झाली पाहिजे. त्याचबरोबर धातू तापला की प्रसरण पावतो, हे ध्यानी ठेवून बेअरिंगच्या आत नेहमीपेक्षा अधिक मोकळीक ठेवलेली असावी. नाहीतर थंडपणी सुरेख फिरणारे चाक भट्टीच्या दारातच अडून बसते.

रुग्णालयांतील वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रांत तापमान 121 किंवा 134 अंशच असते, पण तेथे ओलावा हा उष्णतेइतकाच मोठा शत्रू असल्यामुळे चाकाचा सांगाडा स्टेनलेस पोलादाचाच हवा.

भाराचा हिशेबही असाच उणा पडतो. माल व ट्रॉली मिळून 600 किलो वजन असेल तर चार चाकांत विभागून प्रत्येकी 150 असे कारकुनाच्या कागदावर निघते. प्रत्यक्षात फरशी कधीच पूर्ण सपाट नसते, भट्टीच्या उंबऱ्यावर एक चाक क्षणभर अधांतरी राहते, आणि सारा भार तिघांवर येतो, म्हणून प्रत्येक चाक किमान 200 किलोचे धरावे लागते. हा आकडाही त्या तापमानाचा हवा, कारण दरपत्रकावर छापलेली क्षमता बहुधा साध्या खोलीतील हवामानाची असते.

ज्याच्या उचलण्याने वा हलवण्याने इजा होण्याचा संभव आहे अशा वजनाचे काम कोणालाही देऊ नये, असे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 34 व्या कलमाने सांगितले. जखडलेल्या चाकांची तप्त ट्रॉली जो कामगार दोन्ही हातांनी रेटतो, त्याच्या पाठीच्या व मनगटाच्या वेदना या कलमाच्या हेतूबाहेर आहेत, असे मला वाटत नाही. तेव्हा प्रत्येक खरेदीपत्रकात भट्टीचे तापमान, आत राहण्याचा काळ, दिवसातील फेऱ्या, त्या तापमानातील प्रतिचाक भार आणि ग्रीसचा प्रकार यांचा तपशील असल्यावाचून मंजुरीची सही होऊ नये. आणि मोठी मागणी नोंदवण्यापूर्वी एका ट्रॉलीला नमुन्याची चाके बसवून ती काही दिवस भट्टीत चालवावी, व ती ढकलणाऱ्या कामगाराचा अभिप्राय त्याच्या सहीनिशी त्याच फाइलमध्ये, दरपत्रकांच्या वर, लावून ठेवावा.